तिसरा खोका

लग्नं जुळवणारे मध्यस्थ असतात ना, तसा माझा धंदा आहे. फक्त माझ्याकडे येणारी स्थळं लाकडाची आणि पत्र्याची असतात. बेस गिटार वाजवणारे आपापला अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, घेऊन दुकानात येतात आणि विचारतात, याला कोणता खोका चालेल? खोका म्हणजे स्पीकरची ती मोठी, जाळी लावलेली पेटी. मी दोघांच्या पाठीवरचे आकडे वाचते, खोका मीटरवर मोजते आणि सांगते. खोका अँपकडून वीज ओढतो. एक जोडला तर ओढ कमी, दोन जोडले तर दुप्पट, आणि तिसरा जोडला की बहुतेक अँप मान टाकतात. तापतात आणि बंद पडतात. मीटरवर हे उलटं दिसतं. ओढ जितकी जास्त, तितका आकडा लहान.

खोक्याशी भांडायचं नाही, ही माझी कामाची रीत. तो ओढणारच. त्याला जेवढं हवं तेवढं देईल असा अँप शोधायचा. इतकी वर्षं याच रीतीवर मी अनेक सोयरिकी जुळवल्या आणि एकीचाही काडीमोड झाला नाही.

माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची. आता ती बेस वाजवते, आणि गिटार गळ्यात अडकवली की अजूनही गिटारच तिला घेऊन चालल्यासारखी दिसते. वाजवते मात्र झकास. एका मोठ्या वाद्यवृंदाने तिला बोलावलं होतं. तो वृंद चालवणारे, कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांकडे सगळ्या गाण्यांचा बेस लॅपटॉपमध्ये तयार होता.

‘‘रेकॉर्ड केलेला बेस आजारी पडत नाही,’’ ते मला म्हणाले होते. ‘‘खोके वाहायला टेंपो लागत नाही. तुमच्या भाचीला मी एक दुपार देतो. जमलं तर दौऱ्यात ती. नाही जमलं तर विषय संपला.’’

मुंगीने त्या एका दुपारसाठी नोकरीवर पाणी सोडलं होतं. तिचा अँप आणि दोन खोके मी स्वतः जुळवले होते. दुकानात मोजले तेव्हा एकेका खोक्याचा आकडा सहा, दोन्ही मिळून तीन. अगदी हवा तसा.

सभागृह लांबट होतं. मरून रंगाच्या खुर्च्यांच्या हातांवरचं कापड विरलेलं, रंगमंच लाकडी, आणि मागे सामान उतरवायचा मोठा दरवाजा. रंगमंचाच्या मागच्या भिंतीला नवा पांढरा रंग दिला होता, पण खालच्या कोपऱ्यात त्याला फुगे येऊन पापुद्रे सुटले होते. मी आणि दादाने सकाळी खोके लावले. मुंगीने जाड तार छेडली.

आवाज आला, पण पोटात लागला नाही. बेस कानाआधी पोटाला कळायला हवा. मी खुर्च्यांमधून फिरले, मधे उभी राहिले, शेवटच्या रांगेत बसून पाहिलं. सगळीकडे तोच पातळ, उपाशी आवाज. मग रंगमंचावर परतताना मागच्या कोपऱ्याजवळून गेले आणि माझ्या गुडघ्यांना तो कळला. मी भिंतीवर तळहात ठेवला. सगळा खर्ज तिथे होता. भिंत अंगात ताप असल्यासारखी थरथरत होती.

सरावाचं तिसरं गाणं अर्ध्यावर असताना अँप बंद पडला. वरून हात लावला तर चटका बसला.

सभागृहाचा व्यवस्थापक चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्याला अजिबात नवल वाटलेलं दिसलं नाही.

‘‘इथे बेस टिकत नाही, बाई,’’ तो म्हणाला.

‘‘टिकत नाही म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे टिकत नाही. येतात, जळतं, जातात. आता सगळे कॉम्प्युटरवरूनच वाजवतात.’’

‘‘आणि ते वाजवणारे?’’

त्याने कपात पाहिलं. ‘‘काही जण परत आले होते. नुसते येऊन बसायचे. त्या कोपऱ्यात.’’

मला कोणी ‘टिकत नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. दुकान उघडलं तेव्हा पण लोक हेच म्हणाले होते, आणि मी त्यांच्या नाकावर टिच्चून ते चालवलं. मी मीटर काढलं. अँपची वायर सोडवली आणि एकच खोका मोजला. सहा यायला हवे होते, आले तीन. म्हणजे त्या एका खोक्याच्या जोडीला आणखी एक खोका कुठेतरी जोडलेला होता. दोन्ही मिळून मोजले तर दोन. हिशेब चोख होता: कुठूनही मोजा, एक खोका जास्त.

वायर बदलली. मीटरची बॅटरी बदलली. दुसरं मीटर आणलं, जुनं, काट्याचं. आकडे तेच. मग मी आणि दादाने एक खोका ढकलत मागच्या दरवाज्याबाहेर नेला आणि उन्हात मोजला. सहा. उंबऱ्याच्या आत आणला. तीन.

‘‘ओलीमुळे असेल,’’ दादा म्हणाला.

‘‘असेल,’’ मी म्हणाले. ओलीने असं होत नाही, हे मला माहीत होतं.

खोक्याचा आणखी एक गुण असतो. वीज दिली की त्याच्या आतला कागदी पडदा हलतो. आणि पडदा कशाने हलला, तर खोका उलट थोडी वीज देतो. म्हणजे बोलायच्या या वस्तूला थोडं ऐकूही येतं. मी काट्याचं मीटर अगदी बारीक मापावर लावलं आणि खोक्यांच्या वायरीला जोडलं. अँप बाजूला, प्लग काढलेला. रंगमंचावर आम्ही तिघंच होतो आणि कोणी हलत नव्हतं.

काटा डुलायला लागला. दोनदा सावकाश, एकदा झटकन, मग थांबला. पुन्हा तसंच.

‘‘आत्या,’’ मुंगी माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाली, ‘‘ही माझी ओळ आहे. दुसऱ्या गाण्यातली. मी मघाशी वाजवली ती.’’

‘‘काहीतरीच.’’

‘‘थांब.’’ तिने गिटार घेतली. वायर न लावलेली गिटार हातभर अंतरावरही धड ऐकू येत नाही. तिने एक वेगळीच ओळ वाजवली, नवीन, मनातली. शेवटी तिचं बोट तारेवरून घसरलं. तोवर काटा गप्प होता. ती थांबल्यावर काट्याने तीच ओळ पहिल्यापासून वाजवली आणि शेवटी तिथेच घसरला.

दादा उठून बाहेर गेला. गाडीत काहीतरी राहिलंय, म्हणाला.

मी घाबरले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सगळं गुंडाळावं आणि घरी जावं, असंच पहिल्यांदा मनात आलं. तेवढ्यात मास्तर आले, जळका वास घेतला, आणि फार गोड आवाजात म्हणाले, ‘‘राहू दे ना आता. लॅपटॉप आहे. तिचं नाव जाहीर करू, गिटार गळ्यात घालून उभी राहू दे. लोकांना काय कळतंय!’’

मुंगीचा चेहरा मी पाहिला. कोणी थोबाडीत मारल्यावर होतो तसा.

‘‘मी नुसती उभी राहणार नाही,’’ ती म्हणाली.

‘‘राहूच नकोस,’’ मी म्हणाले. ‘‘मास्तर, कार्यक्रम चारला आहे ना? बेस वाजेल.’’

मग मी माझ्या धंद्याला शोभेल तेच केलं. खोके तीन असतील तर तीन खोके पेलणारा अँप आणायचा. दुकानात तसा एक होता, जुना, लोखंडी, आम्ही त्याला रेडा म्हणतो. उचलायला दोन माणसं लागतात, आणि समोर काहीही बांधा, तो ओढत नेतो. दादाला पाठवलं. तो परतला तेव्हा घामाने निथळत होता. ‘‘माझी कंबर भाड्याने आणलेली नाही,’’ एवढंच म्हणाला.

रेडा जोडताना मी भिंतीकडे वळले. कोपऱ्यातले पापुद्रे सकाळपेक्षा वर चढले होते.

‘‘ओढायचंय ना तुला?’’ मी मोठ्याने म्हणाले. ‘‘ओढ. बघू तुझं पोट केवढं आहे. पण ही पोर इथे वाजवणार आणि तू ऐकणार.’’

मुंगी हसली. मलाही बरं वाटलं.

चारला पडदा उघडला. सभागृह भरलेलं होतं. मी रंगमंचाच्या कडेला, रेड्यावर हात ठेवून बसले. पहिल्या गाण्याला आवाज पातळच होता. मी बटण वाढवलं. दुसऱ्या गाण्याला आणखी वाढवलं. रेडा तापला, पण मान टाकली नाही. आतून त्याचा घरघराट माझ्या हाताला लागत होता. मास्तर तिरक्या डोळ्यांनी लॅपटॉपकडे पाहत होते, त्यांचा हात जवळच होता. मी आणखी वाढवलं. याआधी मी कुणासाठी ते बटण इतकं फिरवलं नव्हतं.

चौथ्या गाण्यात तो आला. खर्ज. खुर्च्यांखालून, लाकडातून, एकदम. पहिल्या रांगेतल्या बाईंनी पोटावर हात ठेवला आणि मग हसल्या. मास्तरांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

मुंगी पुढे सरकली. असं वाजवताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या गाण्यांत तिने तिच्या हातात कधी नसलेल्या जागा घेतल्या. मधेच एक ओळ वाजवायची, थांबायची, मान कलती करून ऐकायची. मग पुढची. मास्तर आणि बाकीचे तिच्या मागे धावत होते आणि खूष होते.

शेवटच्या गाण्यात ती मागे मागे सरकायला लागली.

मी हाक मारली. तिला ऐकू गेली नसावी.

तिची पाठ कोपऱ्यातल्या भिंतीला टेकली. डोळे मिटले. बोटं चालूच होती.

माझ्या हाताखालचा रेडा निवला.

हळूहळू नाही. एकाएकी. ओझं उतरलं की बैल जशी मान झटकतो, तसा त्याचा आवाज मोकळा झाला. सभागृह दणाणलं. लोक उभे राहिले.

टाळ्या थांबायच्या आत मी मीटर लावलं. दोन्ही खोके मिळून तीन. एकेक करून मोजले. सहा, सहा. भिंतीवर हात ठेवला. गार, कोरडी, साधी भिंत. मला इतका आनंद झाला की मी त्या भिंतीला एक चापट मारली. व्यवस्थापकाला गाठून म्हणाले, ‘‘टिकला की नाही बेस?’’

तो मुंगीकडे पाहत होता.

मास्तर स्वतः चालत आले. ‘‘दौऱ्याच्या तारखा पाठवतो,’’ ते म्हणाले. ‘‘सगळ्या. लॅपटॉप घरी ठेवतोय.’’ मुंगीने मान डोलावली. फार दमली होती.

परतताना ऊन अजून होतं. दादा गाडी चालवत होता, मी आणि मुंगी मागे. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लगेच झोपली. मी तिच्या पाठीमागून हात घातला. रस्ता खराब होता, गाडी हादरत होती, त्यामुळे आधी माझ्या लक्षात आलं नाही.

रेल्वेच्या फाटकापाशी दादाने इंजिन बंद केलं. माझ्या हाताखालची तिची पाठ थरथरतच राहिली.

ती शांत झोपली होती. श्वास संथ होता. थरथर वेगळी होती, खालची, एका लयीत, दोन खांद्यांच्या मधोमध. खोक्याच्या जाळीवर मी आयुष्यभर हात ठेवत आले आहे. कुठल्या स्वराला पडदा कसा हलतो, ते मला डोळे मिटून कळतं. सकाळी हीच थरथर त्या भिंतीत होती.

मी पोरीला जवळ ओढलं. तिची पाठ माझ्या छातीला घट्ट लावली आणि दोन्ही हातांनी तिला वेढलं. माझ्या मनात आता नुसता राग होता. भीतीला त्यात जागा उरली नव्हती.

‘‘तिला सोड,’’ मी मनातल्या मनात म्हणाले. ‘‘सोडत नसशील तर वाटून दे. मीही आहे इथे. जोड मला.’’

थोडा वेळ काही झालं नाही. मग ते माझ्या मनगटात आलं. कोपरात. बरगड्यांत. मुंगीची पाठ निवत गेली, पूर्ण नाही, अर्धी. तिच्या कपाळावरची आठी सुटली. मी हात काढला नाही. काढणारही नव्हते.

फाटक उघडलं. दादाने आरशात पाहिलंही नाही.

‘‘छान गुणगुणताय दोघी,’’ तो म्हणाला, ‘‘पण जरा हळू. काचा वाजतायत.’’

मुंगी झोपली होती. माझे ओठ मिटलेले होते.