पाकळी पडेपर्यंत

कारापूरच्या चढणीवर गौरवीची स्कूटर बंद पडली आणि लागली की मागे घसरायला! मागून येणारा ट्रक थांबला, एक जण उडी मारून उतरला आणि चाकामागे दगड सरकवून मोकळा झाला.

"थँक्यू हं."

"मला कशाला? काम दगडाने केलं."

"दगड जागचा हललाच नाही. म्हणजे काम शून्य!" डिचोलीत बारावीला फिजिक्स शिकवणारी गौरवी सवयीने बोलून गेली.

"अगे बाये! मग काढू काय त्याला?"

दोघंही हसत सुटली. तो सुर्ल्याचा साईश, खनिजाचा ट्रक चालवणारा. मग काय, स्कूटर धडधाकट असली तरी ट्रक चढणीवर थांबायला लागला.

"टीचर, रोज तुमची वाट बघत उभा राहतो… हेही शून्य?"

"शून्यच," ती म्हणायची आणि कानापर्यंत लाल व्हायची. जीव जडला होता हो पोरीचा! पण सांगायची वेळ आली की दोघांचीही दातखीळ.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, "पेडण्याचं स्थळ आलंय. बाबा रविवारी देवळात प्रसाद घेणार, म्हणजे देवाचा कौल. उजवी पाकळी आधी पडली, की लग्न ठरलं."

साईश ट्रकचा आरसा पुसत राहिला.

"तुम्हाला काहीच बोलायचं नाही?"

"काय बोलू? बारावी नापास मी… तेही फिजिक्समध्ये."

रविवारी देवळात भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. तिच्या बाबांनी, शांतारामांनी, हात जोडले. दहा मिनिटं झाली. उजवी पाकळी जराशी कलली… आणि अडली. वजन तिला खाली ओढतंय, पाण्याचा थेंब धरून ठेवतोय. तो थेंब सुकला की संपलं सगळं! गौरवीने मागे पाहिलं, तर खांबाआड साईश डोळे मिटून उभा.

"बाबा!" केवढा मोठा आवाज तिचा! "मला नको ते स्थळ. मला साईश आवडतो. तो बघा, तिथे आहे."

भटजी हातातल्या फुलांसकट वळले. साईशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"खरं काय रे?" बाबांनी विचारलं.

"होय… पहिल्या दिवसापासून."

मूर्तीवरची पाकळी पडली. कुठली, ते बघायचं भटजींचंही राहून गेलं. बाबांनी आधी लेकीकडे, मग साईशकडे पाहिलं.

"मग लांब कित्याक उभा?" शेवटी ते म्हणाले. "ये पुढे."

साईश पुढे आला, आणि इतके दिवस त्याच्याशी वाद घालणाऱ्या गौरवीला त्याच्याकडे बघायचीच लाज वाटली.