कमरेएवढं पाणी

बूट घालून पोहण्याच्या तलावाच्या काठावर फिरणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. त्यामुळे त्या सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चकचकीत काळे बूट घातलेला एक माणूस उथळ बाजूच्या अगदी कडेला उभा दिसला, तेव्हा मी शिट्टी वाजवली. जरा जास्तच जोरात वाजली असावी. तो दचकला, एक पाय हवेत गेला, दुसरा ओल्या फरशीवरून सटकला आणि — धप्प!

"वाचवा! अहो, वाचवा!"

मी धावले. पाण्यात दोन हात, दोन बूट आणि भरपूर फेस एवढंच दिसत होतं. मी काठावर गुडघे टेकून वाकले आणि म्हणाले, "उभे राहा."

"मला पोहता येत नाही हो!"

"ते दिसतंय. उभे राहा."

तो उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं.

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, खिशातलं पेन तरंगत माझ्याकडे येत होतं. मला वाटलं, आता हा चिडणार, तक्रार करणार. पण तो हसायला लागला. अगदी पोट धरून.

"मी पोहायला शिकवाल का, हे विचारायलाच आलो होतो," तो म्हणाला. "म्हणजे... सुरुवात झालीच म्हणायची."

माझ्या छोट्याशा ऑफिसात, माझा सगळ्यात मोठा टॉवेल गुंडाळून चहा पिता पिता त्याने खरी अडचण सांगितली. टेकडीवरच्या चर्चचा तो नवा पाळक. तिथला बाप्तिस्मा गावाबाहेरच्या तळ्यात, छातीएवढ्या पाण्यात उतरून, माणसाला पूर्ण बुडवून देतात. आधीचे पाळक पाण्यात माशासारखे होते म्हणे. आणि याला लहानपणी मित्रांनी गंमत म्हणून टाकीत ढकललं, तेव्हापासून बादलीतही वाकून बघवत नव्हतं.

"आणि पुढच्या महिन्यात पहिला बाप्तिस्मा आहे," तो म्हणाला. "तोही गोळाफेकीतल्या माजी विजेत्याचा. मी त्यांच्या काखेपर्यंत येतो."

मला हसू आवरेना. "म्हणजे कोण कोणाला बुडवणार, हाच प्रश्न आहे!"

"बघा, तुम्हाला अडचण बरोबर कळली."

मी फक्त 'अच्छा' म्हणाले. त्या चर्चच्या बाकांवर मी लहानाची मोठी झाले होते, गोळाफेक काकांनीच मला पहिल्यांदा मैदानावर नेलं होतं, यातलं काहीच मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग आता का येत नाही? आणि रविवारी सकाळी माझी बॅच असते, हे उत्तर मला स्वतःलाच पटत नव्हतं.

त्याचं शिकणं सुरू झालं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तो हजर. विद्यार्थी म्हणून अगदी अवघड, पण गोड. पायऱ्या उतरताना कठडा असा धरायचा, जणू आम्ही तो चोरून नेणार आहोत.

"पाठीवर झोपा. माझा हात मानेखाली आहे."

"सोडणार नाही ना?"

"सोडणार. पण सांगून सोडणार."

"कोच, तुम्ही फार प्रामाणिक आहात हो!"

"आणि तुम्ही मान फार ताठ ठेवता, पाळकसाहेब. सैल सोडा. पाणी तुम्हाला उचलायला तयार आहे, तुम्हीच त्याला उचलू देत नाही."

त्याने डोळे मिटले, मान सोडली. माझ्या तळव्यावरचं ओझं हळूहळू हलकं झालं. त्या दिवशी झिमझिम पाऊस होता, त्याच्या चेहऱ्यावर थेंब पडत होते आणि तो हलत नव्हता. मी हात काढला — सांगून. तरी माझा हात बराच वेळ पाण्याखाली तसाच राहिला. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

मी माझ्या आत्याबरोबर राहते. आत्याला घरात काही म्हणजे काही ऐकू येत नाही, पण चर्चमधल्या उपदेशाचा शब्दन् शब्द ऐकू येतो. त्या रविवारी ती घरी आली ती भारावूनच.

"अगं, काय बोलले आज नवे पाळक! म्हणाले, आपण कितीदा कमरेएवढ्या पाण्यात बुडत असतो. आरडाओरडा करतो, हातपाय मारतो. आणि तेव्हा कोणीतरी काठावर वाकून एवढंच म्हणायला हवं असतं, उभे राहा. म्हणाले, माझ्याकडे देवाने तो आवाज शिट्टीसकट पाठवला. शिट्टी कसली गं?"

"मला काय माहीत," मी म्हणाले आणि भांडी घासायला पळाले. घासलेलीच भांडी होती.

पुढच्या रविवारी मान सैल सोडण्यावर उपदेश झाला. प्रार्थना म्हणजे तरी दुसरं काय, असं ते म्हणाल्याचं आत्याने सांगितलं, आणि जेवताना स्वतःची मान दोनदा सैल सोडून दाखवली.

"तुम्ही माझी वाक्यं चोरता," सोमवारी मी त्याला पकडलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाळकांनाच गुपितं कळतात, असं थोडंच आहे?"

"काय करू! आठवडाभर टेबलाशी बसतो, काही सुचत नाही. इथे येतो आणि तुम्ही सहज काहीतरी बोलता... ते दिवसभर डोक्यात राहतं." तो गडबडला. "म्हणजे, वाक्य राहतं."

"हो, वाक्यच ना," मी म्हणाले, आणि पोहण्याची फळी आणायला वळले. ओठ दाबून हसताना त्याला दिसायला नको होतं.

आमची चांगली गट्टी जमली. धडा संपला की तो काठावर पाय सोडून बसायचा आणि मी माझ्या फेऱ्या मारायचे. एकदा मी बाहेर आले तर तो म्हणाला, "पाठीवर पोहताना तुमचा चेहरा प्रार्थना करणाऱ्या माणसासारखा दिसतो."

मी टॉवेलात तोंड लपवलं. मग, कोणास ठाऊक कसं, त्याला सगळं सांगून टाकलं. शंभर मीटर बॅकस्ट्रोक. देशाच्या संघाची निवड. अर्ध्या सेकंदाने हुकलेली जागा. त्या अर्ध्या सेकंदासाठी वर्षभर केलेली प्रार्थना. आणि नंतर भेटलेलं प्रत्येक माणूस माझ्या पाठीवर थोपटत म्हणायचं, देवाची काहीतरी योजना असेल. प्रत्येक माणूस. शेवटी मी माणसंही टाळली आणि देवही.

मी वाट बघत होते, आता हाही तेच म्हणणार. हा तर पाळकच.

"वाईट झालं," तो म्हणाला. एवढंच. मग पायाने पाणी ढवळत, "योजना काय होती ते मला नाही माहीत. पण तुम्ही रडलात तेव्हा प्रभू उपदेश करायला आला नसेल. शेजारी बसला असेल, एवढं मला वाटतं."

तलावावर कोणी नव्हतं. मी पाण्याकडे बघत राहिले, आणि त्यानेही माझ्याकडे न बघण्याचा चांगुलपणा दाखवला. मला वाटतं, मी प्रेमात पडले ती तेव्हा.

म्हणूनच पुढच्या रविवारी बॅच सहकाऱ्यावर सोपवून मी टेकडी चढले. त्याला चकित करायचं होतं. उशीर झाला, उपदेश सुरू झाला होता. मी मागच्या बाकावर बसले आणि ऐकलं —

"...एक पोहणारी मुलगी. अर्ध्या सेकंदाने तिची जागा गेली. आणि आपल्यासारख्या माणसांनी तिला काय दिलं? देवाची योजना! दुखावलेल्या माणसाला..."

एकेक डोकं मागे वळलं. सगळे मला ओळखत होते. त्या सगळ्यांनीच तर माझ्या पाठीवर थोपटलं होतं. समोरच्या बाकावरून आत्या वळली, तिच्या शेजारून गोळाफेक काका वळले, आणि सगळे कुठे बघतायत म्हणून शेवटी त्यानेही पाहिलं. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

मी उठून बाहेर पडले. उतारावर पाय भराभर पडत होते आणि डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला होता.

सोमवारी तो आला. पोहण्याचे कपडे हातातच होते. दाराशीच उभा राहिला.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"हो."

"नुसतं हो?"

"पुढे 'पण' आला असता. म्हणून थांबलो. मला क्षमा करा."

माझा राग अडखळला. हे चर्च माझं आहे, हे मी तरी त्याला कुठे सांगितलं होतं? त्याला वाटलं असणार, तिथे मला ओळखणारं कोणी नाही. तरीही माझं दुखणं माझं होतं, ते त्याने सगळ्यांपुढे मांडायला नको होतं.

"पाण्यात उतरा," मी म्हणाले. "तळ्याचा दिवस जवळ आलाय. बाकी काही बोलायचं नाही."

त्या आठवड्यात आम्ही खरंच काही बोललो नाही. 'श्वास सोडा', 'पाय मारा', 'पुन्हा'. तो सगळं मुकाट्याने करायचा, आणि काठावर बसायला थांबायचा नाही. तलाव कधी नव्हे इतका मोठा वाटायला लागला.

रविवारी आत्या लवकर घरी आली. पर्स टेबलावर ठेवून माझ्यासमोर बसली.

"आज उपदेश झालाच नाही."

"का?"

"उभे राहिले आणि म्हणाले, मागच्या रविवारी मी एक गोष्ट सांगितली, ती माझी नव्हती. मला विश्वासाने दिलेली होती. मला दृष्टांत सापडल्याचा आनंद झाला आणि माणूस विसरलो. त्या माणसाची मी क्षमा मागितली आहे, आज तुमचीही मागतो. आणि खाली बसले की गं!" आत्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता मला एक सांग. ती शिट्टीही तुझीच ना?"

मी मान डोलावली.

"मग भांडी नंतर घास," आत्या म्हणाली. "आधी तळ्यावर काय घालणार ते बघ. पाण्यात पोहणारं माणूस हवं, असं मंडळीने ठरवलंय."

"मंडळीत कोणी?"

"मी!"

बाप्तिस्म्याच्या सकाळी तळं स्वच्छ उन्हात चमकत होतं. मंडळी काठावर गात होती. मी थोड्या अंतरावर, पाण्यात उभी. गोळाफेक काका पांढरा अंगरखा घालून माझ्याजवळ आले. एवढा मोठा माणूस, पण बोटं अंगरख्याच्या कडेशी खेळत होती.

"पोरी, तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं गं," ते म्हणाले. "तुला हरलेलं बघवत नव्हतं. म्हणून ते योजना वगैरे बोललो."

"माहितीये, काका. जा आता, सगळे थांबलेत."

वर्षानुवर्षं बायकोला चर्चमध्ये आणून शेवटच्या बाकावर पेंगणारा हा माणूस आज स्वतःहून पाण्यात उतरला होता. पाळक छातीएवढ्या पाण्यात त्यांची वाट बघत होता. चेहरा पांढराफटक, पण पाय ठाम. त्याने काकांच्या पाठीमागे हात घातला, प्रार्थना म्हटली, त्यांना मागे झुकवलं... आणि काकांचा पाय चिखलात सरकला. ते आडवे झाले ते पाळकाला घेऊनच. पाणी त्या दोघांवर मिटलं.

गाणं थांबलं. आत्या ओरडली. मी सूर मारायला हात पुढे केले...

आणि पाणी फुटलं. आधी पाळकाचं डोकं वर आलं, मग त्याच्या दंडावर रेललेले काका. तोंडातलं पाणी थुंकून पाळक दम खात म्हणाला, "आमेन!" काका इतक्या मोठ्याने हसले की झाडावरची पाखरं उडाली. मग अख्खी मंडळी हसली, आणि कोणीतरी गाणं पुन्हा सुरू केलं, मघापेक्षा वरच्या पट्टीत. त्या गाण्यात मीही होते. शब्द अजून पाठ होते. किती दिवसांनी मी देवाशी काही मागण्यासाठी नव्हे, नुसतीच बोलले.

काठावर सगळे काकांना मिठ्या मारत होते. तो बाजूला एका दगडावर टॉवेल घेऊन बसला होता, थरथरत. मी शेजारी जाऊन बसले.

"खाली गेलात तेव्हा काय केलंत?"

"डोळे उघडे ठेवले. श्वास सोडला. हातपाय मारले नाहीत." तो हसला. "आणि खरं सांगू? पाण्याखाली मला देव आठवायला हवा होता..."

"मग?"

"दोघंही आठवलात."

मी पायाने वाळू उकरायला लागले.

"तुमच्याबद्दल अजून एक गोष्ट आहे," तो हळूच म्हणाला. "ती उपदेशात कधीच येणार नाही. फक्त तुम्हाला सांगायचीये. परवानगी आहे का?"

"बघा, विचारायला शिकलात."

"मला तुम्ही फार आवडता, कोच. तुमचं वाक्य नाही. तुम्ही."

पलीकडून आत्या आमच्याकडे बघतही नव्हती, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. मी त्याच्या टॉवेलाचं एक टोक ओढून माझ्या ओल्या खांद्यावर घेतलं. टॉवेल दोघांना पुरेल एवढा नव्हता, म्हणून जरा जवळ सरकावं लागलं.

"उत्तर?" त्याने विचारलं.

"उद्या. खोल बाजूला."

दुसऱ्या दिवशी तो कठड्याशी उभा होता आणि मी खोल पाण्यात, मधोमध. त्याने एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे. तळाच्या निळ्या फरशा खूप लांब दिसत होत्या.

"ये," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"ये ना!"

आणि हा वेडा, बूट घालूनच उडी मारेल की काय इतक्या घाईने काठावरून माझ्या दिशेने धावत सुटला.