गाळलेली थरथर

कराडच्या फोटोवाल्यांनी पन्नासच्या लेन्सची वाट अकरा वर्षं पाहिली. लेकीच्या बाळंतपणाची पाहावी तशी, कुरकुरत आणि कौतुकानं. पन्नास मिलिमीटरची ही साधी लेन्स म्हणजे माणसाच्या नजरेची सख्खी बहीण. लांबचं ओढून आणत नाही, जवळचं फुगवत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीनं मोठ्या झूम लेन्सना स्थिरक बसवला, हात कापला तरी चित्र हलू न देणारी यंत्रणा दिली, आणि या गरिबाघरच्या पन्नासला मात्र विसरली. मग अर्ज झाले. शेवटच्या अर्जावर नऊशे सह्या होत्या आणि सगळ्यात वरची सही सुगंधा मोहितेची होती.

म्हणून स्थिरक बसवलेली पन्नास आली त्या दिवशी इब्राहिमभाईंच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात पेढे वाटले गेले.

"सुगंधाताई, आता तुमचं गाणं बंद," इब्राहिमभाई म्हणाले.

अंधाऱ्या घरात फोटो काढायचा तर शटर सेकंदभर उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ हात दगड व्हावा म्हणून सुगंधा श्वास रोखायची आणि आईच्या जात्याच्या चालीत मनाशी म्हणायची:

दिव्याला धरिला हात, वाऱ्या बाबा थांब थांब
उजेड वेचू दे रे, मग जा तू लांब लांब

पहिली ओळ संपेपर्यंत शटर मिटलेलं असे. पंचवीस वर्षं तिनं असे फोटो काढले होते.

"गाणं राहू द्या," ती पेढा मोडत म्हणाली. "श्वास तेवढा घेईन म्हणते."

इब्राहिमभाईंनी लेन्स उजेडासमोर धरली. "आत एक काच चुंबकावर तरंगते. मी हिला तोलभिंग म्हणतो. हात डावीकडे गेला की ही उजवीकडे. पण नवं ते पुढंच आहे. एका फोटोच्या वेळात ही क्षणाक्षणाची दोनशे पातळ चित्रं घेते आणि एकावर एक बसवते. जुळतं ते ठेवते, जुळत नाही ते गाळते. पोरगं मान हलवत असलं तरी नाक एकच येतं."

"माझ्या नवऱ्याचा काढून बघते. तो कधी जुळतोय का कळेल."

दुकान हसलं.

माघात सुगंधाला पांढरवाडीच्या पंचनाम्याचं काम मिळालं. सरकारी यादीतली ती जुनी फोटोग्राफर. पांढरवाडीच्या डोंगरातून महामार्गाचा बोगदा खणला जात होता. खणणारं यंत्र दिवसरात्र डोंगराच्या पोटात फिरत होतं आणि वरच्या चौसष्ट घरांच्या भिंतींना भेगा पडत होत्या. बोगद्याच्या ठेकेदार कंपनीचं म्हणणं एकच, भेगा जुन्या आहेत, जमीन हलतच नाही. कंपनीची कंपनमापकं बोगद्याच्या तोंडाशी होती. गावात एकही नव्हतं. गाव हलतंय असं ठरलं तर काम थांबणार होतं आणि लोकांना दुसरीकडे पक्की घरं मिळणार होती. नाही ठरलं, तर त्याच भिंतींखाली राहायचं होतं.

तानूबाई शिर्केंच्या घरात दार आणि एक झरोका, एवढाच उजेड. म्हातारीनं तांब्याचा हंडा काठोकाठ भरून भेगेखाली ठेवला होता.

"ह्येचा काढ," ती म्हणाली. "बघ कसं नाचतंय."

हंड्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती, कडेकडून मधे धावत होती. सुगंधानं नव्या लेन्सचा कॅमेरा उचलला, सेकंदभराचं शटर लावलं, मोकळा श्वास घेत बटण दाबलं. मग सवयीप्रमाणे पडद्यावर भेगेची कड मोठी करून पाहिली. कातरीनं कापल्यासारखी धारदार आली होती. फोटोतल्या पाण्याकडे तिनं पाहिलंच नाही. धंद्यातल्या माणसाची नजर आधी धार शोधते, आणि धार मिळाली की समाधान पावते. चौसष्ट घरांचे फोटो तिनं जमा केले. ते जसे काढले तसेच आहेत, काही बदललेलं नाही, या प्रतिज्ञापत्रावर सहीही केली.

चैत्रात तानूबाई एस.टी.नं कराडला आली आणि थेट सुगंधाच्या स्टुडिओत शिरली. पदराखालून तिनं ठेकेदार कंपनीनं प्रांतासमोरच्या सुनावणीत मांडलेल्या अहवालाची प्रत काढली. पहिल्याच पानावर तो हंडा होता. खाली लिहिलं होतं: छायाचित्र पूर्ण एक सेकंदाचे असूनही पाण्यावर तरंग नाही, सबब कंपने आढळत नाहीत.

पाणी आरशासारखं होतं. झरोक्याची चौकट त्यात स्वच्छ उमटली होती.

"फोटूत पानी निजलंय गं," तानूबाई म्हणाली. "माझ्या घरात त्याला डोळा लागत न्हाय, आन् मलाबी न्हाय. तुझ्या यंतरानं माझं घर थापटून झोपवलं."

"मावशी, मी खोटं नाही काढलं."

"मग खरं कुठं गेलं त्ये हुडक. सोमवारी निकाल हाय."

सुगंधा मूळ फाइल घेऊन इब्राहिमभाईंकडे गेली. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. पेढ्यांच्या दिवशी बोललेलं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"जुळत नाही ते गाळते," ते हळूच म्हणाले. "तरंग दर चित्रात वेगळा. तिच्या लेखी तो कचरा."

"कचरा टाकते कुठं?"

"टाकत नाही. दुरुस्तीवाल्यांसाठी फाइलच्या पोटात ठेवते."

दुरुस्तीची खास आज्ञा देऊन त्यांनी फाइल उघडली. दोनशे पातळ चित्रं पडद्यावर एकामागून एक सरकली आणि हंड्यातलं पाणी थुईथुई उठलं. शेजारी दोन रेघा होत्या, लेन्सनं मोजून पुसलेल्या दोन थरथरी. पहिली वाकडीतिकडी, सेकंदाला दहा वेळा. दुसरी सुईनं टाचल्यासारखी, सेकंदाला तीस वेळा.

"पहिली तुमच्या हाताची," इब्राहिमभाई म्हणाले. "माणसाचा हात सेकंदाला आठ ते बारा वेळा कापतो. तीस वेळा नाही कापत, आणि असा शिस्तीत तर मुळीच नाही. ही दुसरी भिंतीची."

चौसष्ट घरं, चौसष्ट फायली. प्रत्येकीत तीच तिसांची रेघ.

सोमवारी प्रांत कार्यालयात सुगंधानं फायली टेबलावर मांडल्या. प्रांताधिकारी कुलथे वयानं तरुण होते आणि निकालाचा कागद त्यांच्यासमोर टाइप होऊन पडला होता. त्यांनी दोन्ही रेघा लक्षपूर्वक पाहिल्या. कंपनीचे वकील निंबाळकर मात्र हसतच उभे राहिले.

"बाईंनी प्रतिज्ञापत्रावर लिहिलंय की फोटोत बदल नाही. आता म्हणतात, बदल आहे. तेव्हा खोट्या होत्या की आज खोट्या आहेत?"

"तेव्हा अडाणी होते," सुगंधा म्हणाली. "लेन्स काढून टाकते ते मला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे."

"मग यादीतून नाव जाईल तुमचं. सरकारी काम संपलं."

"जाऊ द्या. नाव मी मिळवलं होतं, मीच घालवते. पण माझ्या फोटोच्या जिवावर तुम्ही या लोकांना त्या भिंतींखाली झोपवणार असाल, तर तो फोटो मी परत घेते."

"काढलेला फोटो परत घेता येतो का कुठं?" निंबाळकरांनी कुलथ्यांकडे पाहिलं. "आणि साहेब, स्थिरकानं गाळलेलं परत घातलं तर फोटो हलेलच. हललेला फोटो म्हणजे फोटोग्राफरची चूक, भूकंप नव्हे."

"बरोबर आहे," सुगंधा म्हणाली. "अकरा वर्षं मीही हेच म्हणत आले. हललं की चूक, स्थिर की खरं. म्हणून तर ही लेन्स मागितली. माझ्या हाताची थरथर काढा म्हणाले होते, साहेब. जगाची काढा, असं त्या अर्जात एका शब्दानं नव्हतं."

मागच्या बाकावरून तानूबाई मोठ्यानं म्हणाली, "सायबानू, यंत्र नको, माणूस नको. तुमी सोता येऊन माझ्या भित्तीला पाठ टेका. मग लिवा काय लिवायचं त्ये."

निंबाळकर काही बोलणार होते. कुलथ्यांनी हात वर केला, टाइप झालेला कागद उचलला आणि मधोमध फाडला. उद्या सकाळी ते स्वतः पांढरवाडीत येणार होते. प्रत्येक घरात कंपनमापक बसणार होतं, तोवर बोगद्यातलं यंत्र बंद. कारकुनानं आदेश लिहून घेतला. लोक उठले. तानूबाईनं जाता जाता सुगंधाच्या दंडाला चिमटा काढला, लहान मुलीला काढतात तसा.

सुगंधा फायली गोळा करत असताना कुलथ्यांनी तिला थांबवलं. पुन्हा त्या दोन रेघांकडे बघत ते म्हणाले, "मोहितेबाई, ही लेन्स किती जणांकडे आहे?"

"आमच्या फोटोवाल्यांच्या संघटनेत त्रेचाळीस जणांकडे."

"ते सगळे लग्नाचेच फोटो काढतात?"

तिनं मनाशी एकेक नाव आठवून पाहिलं. शिंदे गेल्या महिन्यात कोयनेवरच्या जुन्या पुलाच्या तपासणीला गेला होता. फरीदाकडे जिल्ह्यातल्या शाळांच्या इमारतींचं काम होतं. बाबर धरणांच्या भिंतींचे फोटो काढायचा. सगळ्यांचे फोटो धारदार. सगळ्यांचं कौतुक झालेलं. आणि ही संघटना एका तालुक्याची. लेन्स तर देशभर विकली गेली होती.

तिनं पर्समधून फोन काढला, संघटनेची यादी उघडली.

"साहेब," ती म्हणाली, "पूल, शाळा की धरण? आधी कोणाच्या फायली मागवू?"