लाल दिव्याची घंटा

"मला फसवून बाहेर काढलं!" मंत्री रूपर्ट पार्जिटर सकाळी सकाळी संसदेतल्या पोलीस चौकीत येऊन टेबलावर हात आपटत होते. "काल बैठकीत मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात मतदानाची घंटा झाली. सभागृहात धावलो, तर तिथं मतदानच नाही! परत येतो तो व्हिएतनामला आणखी एक पलटण पाठवायचं ठरवून हे मोकळे! घंटा वाजवली कुणी, शोधा!"

इन्स्पेक्टर बर्नार्ड टूहीनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. त्याचा पोरगा डेस त्याच पलटणीत होता. सक्तीच्या भरतीच्या सोडतीत पिंपातून गोटी निघाली, तिच्यावर नेमकी पोराच्या वाढदिवसाची तारीख. पोराचं नशीब, दुसरं काय! घरी बायकोच्या, मॉरीनच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं.

कॅनबेरातल्या या ऑस्ट्रेलियन मंत्रिमंडळात हात वर करून मतं घेत नसत. पण एकानं जरी ठाम नकार दिला, तरी पंतप्रधान विषय पुढं ढकलत. म्हणजे फसवणूक सिद्ध झाली, तर बैठक पुन्हा घ्यावी लागणार. टूही ताडकन उठला.

आधी त्यानं दुसरे मंत्री अँगस विदर्स यांना गाठलं.

"साहेब, घंटा झाली तेव्हा कोण कोण उठलं?"

"एकटा रूपर्ट. कुत्रं मागं लागल्यासारखा पळाला."

"बाकीचे का नाही उठले?"

"अरे बाबा, नवीन आहेस का इथं? घड्याळावरचा लाल दिवा लागला होता. लाल म्हणजे वरच्या सभागृहाचं, सेनेटचं मतदान, त्यांनी पळावं. आम्ही सगळे खालच्या सभागृहाचे. आमचा दिवा हिरवा."

"पण काल सेनेट बसलंच नव्हतं."

"तेच तर! झाडताना तिथल्या बटणाला कुणाचा हात लागला असेल म्हणून आम्ही हसलो. मग पंतप्रधानांनी पाइप पेटवला, म्हणाले, कुणाची हरकत? सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. झालं."

"तुम्हीसुद्धा?"

विदर्सनी नजर चुकवली. "मला वाटलं होतं, रूपर्ट बोलेल."

टूही सेनेटच्या दाराशी गेला. काल संध्याकाळी आत कोण आलं होतं? दारवान सहज म्हणाला, "पार्जिटरसाहेबांचे सचिव, स्ट्रेक. साहेबांचा चष्मा राहिलाय म्हणाले."

दोन पावलं चालून टूही थबकला. खालच्या सभागृहाच्या मंत्र्याचा चष्मा सेनेटमध्ये कशाला राहील? सगळं लक्षात आलं आणि तो तसाच मागं वळला.

पार्जिटरांच्या खोलीत शिरून त्यानं दार लावून घेतलं.

"साहेब, घंटा तुमच्याच स्ट्रेकनं वाजवली. खालचं सभागृह चालू होतं, तिथलं बटण कारकुनांच्या समोर. म्हणून तो रिकाम्या सेनेटमध्ये शिरला. तिथलं बटण दाबलं की दिवा लाल लागतो, हे घाईत तुम्हा दोघांनाही सुचलं नाही. वीस वर्षं इथं काढलेला माणूस लाल दिव्याला उठत नाही. तुम्ही दिव्याकडं पाहिलंच नाही, कारण घंटा होणार हे तुम्हाला ठाऊक होतं!"

पार्जिटर खुर्ची ओढून बसले.

"नाही म्हटलं असतं तर खुर्ची गेली असती. हो म्हटलं असतं तर मतदारसंघातल्या आयांना काय तोंड दाखवणार होतो? फसवलं म्हणून ओरडलो, की दोन्हीकडून सुटलो."

"एक 'नाही' पुरलं असतं हो! माझा पोरगा आहे त्या पलटणीत."

पार्जिटरांनी मान खाली घातली. "मग मला फसवलं असंच कळव वर. स्ट्रेकचं नाव काढू नकोस. बैठक पुन्हा घेतील."

पोरासाठी टूही खोटंही बोलायला तयार होता. "आणि तुम्ही आत बसाल? नाही म्हणाल?"

"खोटं कशाला सांगू? दुसरं काहीतरी निमित्त काढून उठेन."

तेवढ्यात घंटा खणखणली. पार्जिटरांनी या वेळी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाचा दिवा नीट पाहिला. हिरवा होता. कोटाची बटणं लावून ते मतदानाला निघून गेले.

टेबलावर फोन होता. घंटा कुणी वाजवली ते कळलं की लगेच सांगा, असं मॉरीननं सकाळी फोनवर दहादा बजावलं होतं. टूहीनं रिसीव्हर उचलला, नंबर फिरवला. पलीकडून रजेवर घरी आलेला डेसच बोलला, "पप्पा, काही जमलं का?"

टूहीनं हातानं रिसीव्हर झाकला आणि हिरवा दिवा विझेपर्यंत नुसता बघत उभा राहिला.