शेवटचा मुक्काम घरी

विबके हार्म्सने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. माळावर हेदरची जांभळी झुडपं पुरती फुलली की निघायचं, एकटीनं. चार दिवसांची पायवाट, तीन मुक्काम, आणि चौथ्या संध्याकाळी स्वतःच्या दारात.

"हे उलटंच की गं," शेजारची गेशे केक खाता खाता म्हणाली. "लोक घरातून निघतात. तू गाडीनं लांब जाणार आणि घरी चालत येणार!"

"सात वर्षं पलंग ते खिडकी एवढंच चाललेय. एकदा तरी लांबून घरी यायचंय मला."

विबकेच्या नवऱ्याची, हिनरिशची उजवी बाजू लुळी पडली त्या दिवसापासून रात्री तीनदा त्याची कूस बदलावी लागे. उशाशी मेंढीच्या गळ्यातली छोटी घंटा असे. ती किणकिणली की विबके डोळे उघडायच्या आधीच उभी राहिलेली असायची. फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा ती घंटा तिनं स्वतःच्या हातानं शवपेटीत ठेवली. लोकांना वाटलं, प्रेमानं ठेवली. खरं म्हणजे तिला ती घरात नको होती. सहा महिने झाले तरी थकवा काही हाडांतून निघत नव्हता.

तिनं पहिल्या मुक्कामाला, ओल्डेनबेकला फोन लावला.

"हार्म्स?" मालकीणबाई म्हणाल्या. "परवाच तुमच्यातले एक गृहस्थ राहून गेले की. तुमच्याच गावचे."

"हार्म्स काय, या माळावर ढिगानं आहेत," विबके हसून म्हणाली आणि तिनं खोली ठरवली.

दुसरा मुक्काम स्टाइनहोर्न. तिथल्या बाई बोलक्या होत्या. "काल रात्री होते ना हार्म्स! सकाळी न्याहारी केली, पण मधाला बोट लावलं नाही. म्हणाले, आमच्या घरचा मध बरा. बिचारे एक पाय ओढत चालत होते हो... उजवा."

विबकेनं खोली न ठरवताच फोन ठेवला.

"कोण होतं गं? रंग का उडाला तुझा?"

विबके खिडकीकडे वळली. बाहेर माळाच्या कडेला हिनरिशच्या, पेंढ्यानं विणलेल्या नऊ मधपेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. माश्यांची गुणगुण काचेतून आत येत होती. मेणाचा गोडसर वास घरभर होता. या उन्हाळ्यात माश्या कधी नव्हे इतक्या जोमात होत्या.

"गेशे... हिनरिश गेला त्या दिवशी मी पेट्यांना सांगितलंच नाही."

गेशेचा हात केकवरच थांबला. मधपाळ गेला की घरच्या माणसानं प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक करायची आणि सांगायचं, मालक गेले. या गावात पोराटोरांनाही ते ठाऊक असतं.

"पण तू तर म्हणालीस..."

"खोटं बोलले. बर्फ पडत होतं. म्हटलं, पाच मिनिटं पडते आणि मग जाते. जाग आली ती दुसऱ्या दिवशी. इतकी दमले होते गं मी... मग लाज वाटली."

"म्हणजे माश्यांच्या लेखी मालक अजून..." गेशेनं वाक्य अर्धंच सोडलं. "तिसऱ्या ठिकाणी विचार आधी."

वुल्फ्सरोडे. तिथून घर चार तासांवर.

"हार्म्स? आत्ताच कॉफी पिऊन निघाले की," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, रात्री राहा. तर म्हणाले, बायको वाट बघत असेल. मी गेल्याशिवाय तिला झोप लागत नाही."

"ऊठ!" गेशे ओरडली. "आत्ताच्या आत्ता सांगून ये!"

विबके अनवाणीच धावली. ऊन कलतं होतं, माळ जांभळा पडला होता, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. तिनं पहिल्या पेटीवर तीनदा टकटक केली. "मालक गेले." आतली गुणगुण थांबली. दुसरी. तिसरी. एकेक पेटी गप्प होत गेली. नवव्या पेटीपाशी तिला रडू फुटलं. "गेले रे तुमचे मालक... फेब्रुवारीतच गेले. मला झोपू द्या आता."

माळावर चिडीचूप झालं. विबकेला फार दिवसांनी खांदे हलके वाटले. ती आत आली, खुर्चीत टेकली, गेशेनं दिलेलं पाणी प्यायली आणि फोन वाजला.

"हार्म्सबाई, वुल्फ्सरोडेहून बोलतेय. ते परत आलेत हो. वाटेत एकदम थांबले म्हणे. चेहरा अगदी उतरलाय. म्हणतात, 'तिनं सांगितलं.' आता पुढं जात नाहीत. तुम्ही याल तोवर इथंच थांबतो म्हणाले. खोली दोघांची लिहू ना?"

नाही, असं विबकेला म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते निराळंच.

"रात्री... तीनदा कूस बदलावी लागते त्यांची."

"हो, बोलले ते. म्हणाले, ते तिलाच जमतं."

बाईंच्या आवाजामागे कुठंतरी छोटी घंटा किणकिणली.

"विबके," गेशे हळूच म्हणाली, "बस ना गं. उभी का राहिलीस?"