चिंगी कुठं गेली?

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या वर्षी, नांदेडजवळ विष्णुपुरीत.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

मी ऋतुजा, औशाची. मानसशास्त्रात एम.ए. करत होते. घाबरलेली मुलं प्राण्याजवळ मोकळी होतात का, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी गाईडसरांनी एक शेळी आणून दिली होती, विभागामागच्या खोलीत बांधलेली असायची.

चिंगी.

तिच्याजवळ बसायला शिवांगी यायची. सहा वर्षांची. वडील गोदावरीत बुडाले, त्या दिवसापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

दोन महिने ती नुसती चिंगीच्या पोटाला कान लावून बसली. मग एकदा चिंगीच्या कानात काहीतरी पुटपुटली.

ते वहीत लिहिताना मी रडले.

त्या रविवारी सरांनी अर्धापूरच्या केळीच्या मळ्यात जेवण दिलं. विभागप्रमुख झाले होते ना! आम्ही सगळे गेलो. मटण झकास झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी चिंगी जागेवर नव्हती. नुसतं दावं पडलेलं.

सरांना फोन लावला.

"अगं, तुझी निरीक्षणं झाली होती ना? मग काल खाल्लीच की सगळ्यांनी." सर हसले.

मी मोरीत जाऊन ओकाऱ्या काढल्या. काहीच पडलं नाही.

बाहेर आले तर शिवांगी आलेली. तिची आई नेहमीसारखी दाराबाहेर बसली.

शिवांगीनं चिंगीला शोधलं नाही. दाव्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडं आली...

आणि माझ्या पोटाला कान लावला.

"चिंगे," ती मोठ्यानं, स्पष्ट बोलली, "आत लई अंधार हाय का गं?"

मी श्वास रोखला.

मग आवाज आला... बारीक... बें...

माझं तोंड बंद होतं.

तिची आई आत डोकावली. "ताई, शेळी कुठं बांधली? आवाज तर इथंच येऊन राहिला."

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. चार प्राध्यापक बसले होते. बसू देत.

"त्या लेकरानं कुणापाशी तरी तोंड उघडलं होतं, सर! तुम्ही त्या चिंगीलाच कापून वाढलंत!"

"शेळीच होती. आणि पोरगी बोलली ना? लिही, प्रयोग यशस्वी."

मी लिहिलं. कुणी कापलं, कुणी वाढलं, कुणी खाल्लं. माझंही नाव घातलं. सरांनी प्रबंधावर सही केली नाही. माझं वर्ष गेलं.

जाऊ दे. त्या सहीवर मी थुंकते. आजही त्या माणसाचं नाव निघालं की मी उठून जाते. संतापानं.

भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

शिवांगी आता शाळेत जाते. घडाघडा बोलते. रोज संध्याकाळी मला फोन लावायला लावते. तिची आई म्हणते, "न्हाई लावला तर झोपतच न्हाई, ताई."

"ताई, जेवलीस का?" शिवांगी विचारते.

"हो गं."

मग ती बोलत राहते... हळू आवाजात, बराच वेळ...

माझ्याशी नाही.

आणि मध्येच फोन ठेवायची माझी हिंमत होत नाही.