वर्ग बसूनच राहिला

दूध तापवून झाले, कुंड्यांना पाणी घालून झाले, वर्तमानपत्र दोघांत वाटले गेले: बातम्या वहिनींना, शब्दकोडे भावजींना. मग भावजींच्या शर्टाचे पोटावरचे बटण तुटले. वहिनींनी त्यांना खिडकीपाशी उभे केले आणि शर्ट अंगावर असतानाच सुई चालवायला घेतली.

“हलू नका, भावजी.”

“मी कुठे हलतोय? पोट हलतंय.”

“मग त्याला सांगा.”

दारावर ‘खासगी तपास’ अशी लहानशी पाटी होती. ती वहिनींची. भावजी हे त्यांचे धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. वहिनींबरोबर हिंडणे आणि चुकीचा तर्क सर्वांत आधी मांडणे, ही कामे त्यांनी आपण होऊन पत्करली होती.

दोरा तोडायच्या आतच बेल वाजली. दारात एक मुलगी उभी होती. डोळे जागरणाने सुजलेले, पण मान ताठ. तिच्यामागे तिची बॅग खांद्याला लावलेला एक उंच तरुण. त्याच्या अंगातल्या हातविणीच्या स्वेटरला तपकिरी बटणे होती. गळ्यापाशी मात्र सेफ्टी पिन.

“या,” वहिनी म्हणाल्या. “सुई हातातच आहे. तुमचंही लावून देऊ का?”

तरुण हसला. “नको, काकू. आत्यानं विणलंय. तसं बटण आता मिळत नाही.”

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. “मॅडम, उद्या माझी चौकशी आहे. मी न केलेल्या गोष्टीची.”

ती विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याला आक्षेप घेते म्हणून ती ‘हरकत’. कोणतेही काम पुढे ढकलतो म्हणून तिच्याबरोबरचा ‘तारीख’. उद्याच्या चौकशीत तोच तिची बाजू मांडणार होता.

“जन्मालाही उशिराच आलो,” तारीख म्हणाला. “आई अजून ऐकवते.”

हरकत हसली नाही. तिने सांगायला सुरुवात केली.

महाविद्यालयात अभिरूप न्यायालयाची एक खोली होती. मुले तिथे गाऊन घालून खोटे खटले चालवत. निरोपाच्या आठवड्यात शेवटच्या वर्षाने तिथली न्यायाधीशाची शिसवी खुर्ची पळवून कुठेतरी भलतीकडे मांडायची, ही जुनी रीत. एका वर्षी ती सायकलींच्या रांगेत उभी होती, एका वर्षी उपाहारगृहात, समोर थंड झालेल्या चहासकट. खुर्ची कोण हलवणार हे कोणी विचारायचे नाही. प्राचार्यांनी “कोणी केलं?” म्हटले, की अख्ख्या वर्गाने उभे राहायचे.

“सोमवारी सकाळी खुर्ची जिन्यावरून निसटली,” ती म्हणाली. “खालून पहारेकरीकाका वर येत होते. त्यांचा पाय मोडला. खुर्चीच्या पायाला माझा गाऊन होता. प्राचार्यांनी तो वर्गात दाखवला आणि विचारलं, कोणी केलं? मी उभी राहिले. गाऊन माझा असला-नसला तरी मी राहिलेच असते. रीतच आहे. मागे वळून पाहिलं, तर सगळा वर्ग बसलेला.”

“वर्तणुकीचा दाखला अडवलाय,” तारीख हलक्या आवाजात म्हणाला. “त्याशिवाय वकिलीची सनद नाही. पाच वर्षं पाण्यात.”

“गाऊन तुमच्याकडून कधी गेला?” वहिनींनी विचारले.

“शुक्रवारी. त्या दिवशी आमची बटणांची दुपार होती.” ही रीत त्याच वर्गाची. प्रत्येकाने आपल्या कपड्याचे एक बटण तोडून मित्राच्या गाऊनला आतून, अस्तरावर, शिवायचे. पुढे कोणी कुठल्याही न्यायालयात उभा राहिला, तरी मित्र अंगाशी असावेत. “संध्याकाळी गाऊन शेजारच्या खोलीत खुंटीला लावला. शनिवारी सकाळी नव्हता. वाटलं, कोणीतरी चेष्टेनं लपवला.”

“माझं बटण तर राहूनच गेलं,” तारीख म्हणाला. “म्हटलं उद्या लावू. उद्या गाऊनच नाही!”

“तुमचा सल्ला काय यांना?”

“माफी मागून टाकावी. गाऊन तिचा आहे हे आपणच मान्य केलं, की तो चौकशी समितीपुढे आणावाच लागत नाही. वस्तू समोर पडली की माणसं भडकतात, काकू.”

“हरकत आहे,” मुलगी म्हणाली.

दोघे गेल्यावर भावजी म्हणाले, “मुलगा गुणी आहे. बॅगसुद्धा उचलून घेतो.”

“हो,” वहिनी सुई डबीत ठेवत म्हणाल्या. “भार उचलतोय खरा.”

*

प्राचार्यांनी कपाटाचे कुलूप काढून गाऊन टेबलावर ठेवला.

“अंगातून निसटून अडकला होता?” वहिनींनी विचारले.

“छे. पायाला गुंडाळून बाह्यांची गाठ मारलेली होती. आवाज होऊ नये म्हणून.”

“तुमच्याशिवाय कोणी उलगडून पाहिला?”

“कोणी नाही. वर्गात मी तसाच गुंडाळलेला उंच धरला. कॉलर रफू केलेली आहे, ती तिनं लांबून ओळखली. तेव्हापासून इथं कुलपात.”

वहिनींनी गाऊन उलटा केला. काळ्या अस्तरावर बटणांची जत्राच भरली होती. पितळी, शिंपल्याचे, लाल, कुणाच्या तरी लहानपणीचे बदकाच्या आकाराचे. सगळी पांढऱ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी लोंबत होती. डाव्या बाजूला, छातीपाशी, एक लाकडी बटण होते. तपकिरी, काळ्या दोऱ्याने घट्ट बसवलेले, खाली दोऱ्याचा नीट वेढा दिलेला.

“पोरांची काहीतरी फॅशन,” प्राचार्य म्हणाले.

“एकाला तरी शिवता येतं म्हणायचं,” भावजी म्हणाले.

वहिनींनी गाऊनची घडी घातली. “हा उद्या समितीपुढे आणाल ना? कोणी नको म्हटलं तरी?”

*

वर्गाचा प्रतिनिधी ‘जामीन’ उपाहारगृहात भेटला. मित्रांना प्रत्येक भानगडीतून सोडवून आणणारा हा गोल चेहऱ्याचा मुलगा त्या दिवशी नजर वर करत नव्हता.

“अभिरूप न्यायालयाची किल्ली तुमच्याकडे असते?” भावजींनी एकदम विचारले.

“असते. पण त्या आठवड्यात मी ती मुद्दाम दाराच्या चौकटीवर ठेवतो. सगळ्या वर्गाला माहीत आहे.”

“शुक्रवारी बटणं कोणत्या दोऱ्यानं लावलीत?” वहिनींनी विचारले.

त्याला प्रश्न विचित्र वाटला. “माझ्या. आईच्या डब्यातलं पांढरं रीळ होतं. सुईही एकच, त्यामुळे रांग लागली. भावी वकील सुईत दोरा ओवताना बघायला हवे होते, मॅडम. एकानं तर स्वतःची बाहीच शिवून घेतली.” तो हसला आणि लगेच थांबला.

“सोमवारी वर्ग का उभा राहिला नाही?”

“मी मागे वळून ‘बसा’ म्हणालो.” तो बोटाने टेबलावरचा ओघळ पुसत राहिला. “सगळे उभे राहिलो तर सगळेच बुडू. एकटी असेल तर तिला बाहेरून सोडवता येईल. पटलं मला.”

“पटलं? म्हणजे म्हणालं कोण?”

“तारीख. तो शेजारीच बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो.”

ग्रंथालयात ‘कलम’ भेटली. ही बोलताना कायद्याच्या कलमांचे आकडे फेकत असे. सुवर्णपदकाच्या शर्यतीत हरकतच्या मागे ती एकटीच होती.

“शुक्रवारी मी आलेच नव्हते,” ती म्हणाली. “बटणं तोडणं मला पोरकट वाटतं. आणि पदक मला हवंय, हे खोटं कशाला सांगू? पण असं नको.”

“मग उभ्या का राहिला नाहीत?”

कलमने पुस्तक मिटले. “मला वाटलं, तिनंच केलं असेल. घरी गेल्यावर सुचलं. तिनं केलं असतं, तर ती काकांना तसं टाकून गेली नसती.”

बाहेर पडल्यावर भावजींनी निकाल दिला. “कलमच! पदकासाठी. काळा दोरा तिचा. शुक्रवारी नव्हती, म्हणून मागाहून शिवलं.”

“ज्याला अडकवायचं, त्याच्या गाऊनला छातीपाशी इतक्या मायेनं बटण कोण लावेल, भावजी?”

भावजींचा हात आपल्या शर्टाच्या बटणाकडे गेला.

*

चौकशी अभिरूप न्यायालयातच होती. शिसवी खुर्चीच्या जागी उपाहारगृहातली प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यात समितीचे अध्यक्ष म्हणून प्राचार्य अवघडून बसले होते. बाकांवर सारा वर्ग. सुरुवातीलाच तारीख उठला.

“गाऊन आम्ही मान्य करतो, सर. तो दाखवायची गरज नाही.”

“मला आहे,” वहिनी म्हणाल्या. प्राचार्यांच्या परवानगीने त्यांनी गाऊन उलटा करून टेबलावर पसरला. हरकत पुढे आली. शुक्रवारनंतर ती तो प्रथमच जवळून पाहत होती. तिची बोटे एकेका बटणावरून गेली आणि लाकडी बटणाशी थांबली. तिने मान वर केली नाही.

“ही बटणं शुक्रवारी लागली,” वहिनी म्हणाल्या. “एका रिळातल्या पांढऱ्या दोऱ्यानं. हे एक मात्र काळ्या दोऱ्यानं, सावकाश, घरी बसून लावलंय. म्हणजे रांग संपल्यावर. शुक्रवारी संध्याकाळी गाऊन खुंटीवर होता आणि सोमवारी सकाळपासून तो कुलपात आहे. मधले दोन दिवस तो ज्याच्याकडे होता, त्यानंच हे बटण लावलं.”

“काल हे माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, माझं बटण लावायचं राहूनच गेलं. त्यांच्या स्वेटरकडे बघा. तशीच लाकडी, तपकिरी बटणं. गळ्याचं एक नाही. तरी मला शंका यायला दुसरं कारण होतं. अशिलाविरुद्ध एकच वस्तू पुरावा म्हणून आहे आणि तिचा वकील ती उलगडून पाहायलाही तयार नाही! उलट, ती समोर येऊ नये म्हणून धडपडतोय. असा वकील अशिलाला वाचवत नसतो.”

तारीख उभाच होता. त्याने सेफ्टी पिनवर हात ठेवला, जणू अजून ती झाकता येणार होती.

“मी गाऊन चोरला नव्हता,” तो म्हणाला. “रांगेत घाईघाईनं लावायचं नव्हतं मला. नीट लावून सोमवारी खुंटीला टांगणार होतो. तुला कळलंही नसतं, एकदम दिसलं असतं. सकाळी खुर्ची उतरवायला घेतली, पाय फार वाजत होते. हातात गाऊन होता, गुंडाळला. वळणावर खुर्ची हातातून सुटली. काका ओरडले आणि मी… मी पळालो.”

“आणि वर्गात?” जामीनने विचारले. “मला ‘बसा’ म्हणायला लावलंस, ते?”

“मला आधी एकदा ताकीद मिळालीय. या वेळी काढूनच टाकलं असतं. हिची वर्तणूक स्वच्छ आहे. माफी मागितली असती तर सोडलं असतं हिला.” तो हरकतकडे वळला. “मी तुला सांगणारच होतो.”

“कधी?” हरकतने विचारले.

एरवी या प्रश्नाचे उत्तर वर्गाने एका सुरात पुरवले असते. त्या दिवशी कोणी तोंड उघडले नाही.

प्राचार्यांनी तारीखला आपल्या खोलीत बसायला सांगितले. मग त्यांनी हरकतच्या दाखल्यावर तिथेच सही केली आणि चष्मा काढून तिची क्षमा मागितली. बाकांवर हालचाल झाली. आधी जामीन उठला, मग कलम, मग एकेक करत सारा वर्ग उभा राहिला.

हरकतने त्यांच्याकडे पाहिले. “आता नको,” ती म्हणाली. “बसा.”

*

सगळे गेल्यावर तिने वहिनींकडे कात्री मागितली. पहिल्या बाकावर बसून तिने गाऊन मांडीवर घेतला आणि एकेक बटण कापायला सुरुवात केली. पांढरे टाके नुसत्या स्पर्शाने सुटत होते. बटण निघाले की ती उठून ज्याचे त्याच्या बाकावर ठेवून येई. बदक तिने दुसऱ्या रांगेत ठेवले, शिंपल्याचे खिडकीपाशी.

जामीन दारात येऊन थांबला होता. त्याच्या हातावर त्याचा स्वतःचा गाऊन होता. “माझ्यात तुझं निळं आहे. काढून देऊ?”

“राहू दे. मी ते मनापासून लावलं होतं.”

जामीनने गाऊनची घडी घातली आणि तो गेला.

लाकडी बटणाला वेळ लागला. दोरा पक्का होता, वेढा घट्ट होता. कात्रीचे टोक त्यात शिरेना. भावजी मदतीला पुढे सरकले, तशी वहिनींनी त्यांची बाही धरली. अखेर बटण तळहातावर आले. ते मुठीत धरून ती जरा वेळ बसली आणि मग उठून तारीखच्या बाकावर, इतरांसारखेच, मधोमध ठेवून आली.

कात्री वहिनींना परत करून तिने गाऊन झटकला आणि अंगात घातला. अस्तर आता आवाज करत नव्हते.

“दवाखान्यात भेटीची वेळ झालीय,” ती म्हणाली. “पहारेकरीकाकांकडे अजून वर्गातलं कोणीच गेलेलं नाही.”

आणि ज्या जिन्यावरून खुर्ची पडली होती, त्याच जिन्याने ती खाली उतरली.